सर्वाधिकाराची सवय

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या सरकारी माणसाला दोन नावे असतात. एक आईबापांनी ठेवलेले आणि दुसरे पदाचे. घरापासून जितके दूर जावे तितके पहिले मागे पडते, कारण त्या नावाने हाक मारणारी माणसेच भोवती उरत नाहीत. आणि दुसरे इतके अंगवळणी पडते की, स्वतःविषयी विचार करतानाही माणूस पदनामानेच करू लागतो. हे मला फार उशिरा, सेवानिवृत्तीला जेमतेम वर्ष राहिले असताना उमगले, आणि तेही एका जुन्या संगणकापुढे बसून. त्याची हकीकत सांगतो. तीत थोडी तांत्रिक परिभाषा येईल. तिला वाचकांनी बिचकू नये. टिपण, शेरा आणि सही ह्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांना ती फारशी परकी वाटणार नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ह्या प्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. माझा संगणक नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हता. यंत्र धडधाकट, पण नियमाने निकालात काढलेले. अशी माणसेही मी पुष्कळ पाहिली आहेत. कोरमंगल्याच्या आमच्या वसाहतीत वरच्या मजल्यावर एक कन्नड सहकारी राहतात. त्यांचा मुलगा संगणक-अभियंता. तो म्हणाला, "अंकल, फेकू नका. फ्रीबीएसडी घाला आणि शिका." सदर पत्रप्पा रस्त्यावरून, ज्याला सारे बेंगळूर एस. पी. रोड म्हणते, मी नवी डिस्क आणली आणि एका शनिवारी पेन ड्राइव्हवर ती प्रणाली उतरवून कामाला बसलो.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचावयास घेतली. तिच्यावर बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वर्षानुवर्षे संस्कार होत गेले, आणि त्या परंपरेतून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी निघाली. ती कोणीही विनामूल्य घ्यावी, बदलावी, विकलीही तरी हरकत नाही. नेटफ्लिक्सचे चित्रपट घरोघर पोचविणारी यंत्रे तिच्यावर चालतात. घरी वापरणारे मात्र विरळा, कारण ती कोणाचे बोट धरून चालवीत नाही. प्रणाली बसली की समोर काळा पडदा आणि त्यावर नाव विचारणारा एक शब्द, एवढेच दिसते. खिडक्या आणि चित्रे हवी असतील तर ती आपण मागाहून आणून बसवावयाची. परंतु शिकू पाहणाऱ्यास तिने उपाशी ठेवलेले नाही. 'मॅन' असे लिहून पुढे कोणत्याही आज्ञेचे नाव दिले की तिचे माहितीपान उघडते, आणि 'हँडबुक' नावाचा एक विस्तृत ग्रंथ सोबत असतो. खात्याच्या परीक्षेसाठी ज्याने नियमपुस्तके रात्री जागून वाचली आहेत, त्याला तो ग्रंथ वाचताना तारुण्य परत आल्यासारखे वाटते.

प्रणाली बसविणारा कार्यक्रम एकेक प्रश्न विचारीत जातो. कळफलक कोणता, यंत्राचे नाव काय, डिस्कची वाटणी कशी. मग तो 'रूट'साठी परवलीचा शब्द मागतो. रूट म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी. ज्या फाइलीवर 'वाचण्यापुरती' असा निर्बंध आहे, तो निर्बंध इतरांसाठी, रूटसाठी नव्हे. त्यानंतर साधा वापरणारा नोंदवावयाचा असतो. तेथे मी माझे नाव लिहिले. मग एक गमतीचा प्रश्न आला: ह्या व्यक्तीस आणखी कोणत्या गटात निमंत्रण द्यावयाचे? तेथे 'व्हील' असे लिहिले तरच त्या व्यक्तीला पुढे 'सु' ही आज्ञा देऊन रूटचा अधिकार घेता येतो. एरवी परवलीचा शब्द ठाऊक असूनही दार उघडत नाही. इंग्रजीत बड्या धेंडाला 'बिग व्हील' म्हणतात, त्यावरून हे नाव.

ह्या गटावरून एक जुना वाद आहे, आणि तो तांत्रिक मुळीच नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी आपल्या ग्नू प्रकल्पाच्या 'सु' आज्ञेत व्हील गट मानण्याचे नाकारले आणि त्याची कारणे माहितीपत्रकातच छापली. त्यांचे म्हणणे असे की, कधी कधी मूठभर लोक बाकीच्यांवर संपूर्ण सत्ता गाजवू पाहतात. अशा वेळी त्यांच्यातल्याच एखाद्याने सामान्यांच्या कळवळ्याने परवलीचा शब्द बाहेर सांगितला, तर तो सर्वांच्या उपयोगी पडला पाहिजे, आणि हा गट नेमके तेच अडवतो. हे वाचून माझ्यातला अधिकारी दचकला. पण लगेच मनात आले की, आपल्या घरच्या यंत्रात शासकही आपण आणि शासितही आपणच. येथे जुलूम कोण कोणावर करणार? ह्या भाबड्या समजुतीने मी व्हीलची भानगड बाजूला ठेवली आणि सरळ रूट म्हणूनच काम करू लागलो. दर वेळी परवानगी कोण मागत बसणार? चौतीस वर्षे दुसऱ्यांकडून ती मागून मी थकलो होतो.

दोन महिने मोठे सुखाचे गेले. मग एके रात्री एक जुना कप्पा काढून टाकण्यासाठी मी आज्ञा लिहिली आणि त्या कप्प्याचे नाव व त्यापुढील तारकाचिन्ह ह्यांच्यामध्ये नकळत एक मोकळी जागा पडली. त्या जागेमुळे अर्थ असा झाला की, तो कप्पा काढा, आणि त्याशिवाय येथे जे जे काही आहे तेही काढा. यंत्राने ते केले. त्यात माझ्या वडिलांची एक्केचाळीस पत्रे होती. मूळ कागद सांगलीला बहिणीच्या घरी २०१९ च्या महापुरात गेले. त्याआधी घेतलेल्या छायाप्रती तेवढ्या माझ्यापाशी उरल्या होत्या. धाकटीच्या एका जुन्या पेन ड्राइव्हवर पुढे सतरा मिळाली. बाकीची गेली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा मुलगा खाली आला. आधी "परवागिल्ला अंकल" म्हणाला आणि मग, खरोखर काय झाले ते कळल्यावर, गप्प झाला. पत्रांच्या कप्प्यावर 'लिहिण्यास बंदी' त्यानेच पहिल्या दिवशी घालून दिली होती. मी माझ्या नावाने काम करीत असतो तर तीच चुकीची आज्ञा त्या कप्प्याशी येऊन अडली असती. पडद्यावर 'अनुमती नाही' असे आले असते आणि पत्रे वाचली असती. रूटला कोणी अनुमती नाकारीत नाही. चूक हातून कोणाच्याही होते. माझा अपराध वेगळा होता. ज्या कामाला सर्वाधिकाराची गरज नव्हती त्या कामाला मी सर्वाधिकार वापरला होता, आणि तो वापरतो आहोत ह्याचे भानही मला उरले नव्हते.

त्या रात्री झोप आली नाही. वडिलांची पत्रे आठवीत पडलो असता, नको असलेली एक वेगळीच फाइल डोळ्यांपुढे आली. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, आमच्या कचेरीतील एक शिपाई वारला. त्याच्या बायकोच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण जन्मतारखेतील फरकापायी मी परत पाठविले. खालून टिपण आले होते, त्यावर 'प्रस्तावाप्रमाणे' एवढा शेरा मारला. नियम माझ्या बाजूचा होता. त्या बाईंना पैसा अकरा महिने उशिरा मिळाला. माझ्या खोलीपासून त्यांचे घर पंधरा मिनिटांच्या वाटेवर होते आणि फरक एका शाळेच्या दाखल्याने मिटणारा होता. पुढे कोणी विचारलेच तर मी सांगत असे, "कचेरीने परत केले." कचेरीने! व्याकरणाने हा कर्ता ठीक आहे. पण परत मी केले होते.

युनिक्सची मांडणी ह्या बाबतीत आमच्याहून प्रामाणिक आहे असे मला वाटते. जो रात्रंदिवस रूट म्हणूनच वावरतो, त्याच्या कामाच्या नोंदीत कर्ता म्हणून 'रूट' एवढेच राहते. माणूस दिसत नाही. परंतु जो आपल्या नावाने आत येतो आणि गरजेपुरता 'सु' करतो, त्याची नोंद होते: अमुक माणसाने, अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून रूटचा अधिकार घेतला. काम झाले की त्याने 'एक्झिट' लिहावयाचे आणि पुन्हा स्वतः व्हावयाचे. दुसऱ्याच्या नावाने सत्ता चालविणे ह्या गावाला नवे नाही. १६३८ नंतर शहाजीराजांनी बेंगळूरचा कारभार केला तो आदिलशहाच्या वतीने. मात्र अधिकार कोणाचा आणि हात कोणाचा, हे तेव्हाही साऱ्या मुलखाला ठाऊक होते. आमच्या फाइलींतून हा हातच नाहीसा झाला आहे.

मग मी माहितीपाने नव्या नजरेने वाचू लागलो आणि ही प्रणाली रचणाऱ्यांना सर्वाधिकाराचे भय किती खोल वाटले होते ते दिसू लागले. मार्च २००० मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी ४.० मध्ये 'जेल' नावाची सोय आली. जेलमधल्या रूटला आपल्या कुंपणात बरेच काही करता येते, पण कुंपणाबाहेर त्याची सत्ता नाही. ती सोय रचणाऱ्या पॉल-हेनिंग कांप यांनी रॉबर्ट वॉटसन यांच्यासह तिच्यावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'सर्वशक्तिमान रूटला आवर घालणे' असा आशय आहे. त्याहूनही मला विलक्षण वाटली ती 'सिक्युअर लेव्हल' ही गोष्ट. ही संरक्षणाची पायरी रूटला वर चढविता येते. एकदा चढविली की यंत्र चालू असेपर्यंत खुद्द रूटलाही ती उतरविता येत नाही. वरच्या पायरीवर ज्या फाइलीवर अचलतेची खूण आहे तिला तोही हात लावू शकत नाही. सर्वशक्तिमानाने स्वतःला बांधून घेण्याची ही तरतूद आहे, आणि ती कोणी त्याच्यावर लादीत नाही. आपण होऊन चढवली तरच ती पायरी चढते. प्रकल्पाच्या कारभाऱ्यांनाही हाच न्याय लागू आहे. 'कोअर' नावाचे त्यांचे नऊ जणांचे मंडळ २००० पासून दर दोन वर्षांनी निवडले जाते. मुदत संपली की पुन्हा मते मागावयाची, नाहीतर उठावयाचे.

स्टॉलमन यांच्या आक्षेपाचे काय? तो मला खोटा वाटत नाही. व्हीलमध्ये कोणाला निमंत्रण द्यावयाचे हे जोवर आतले लोकच ठरवितात, तोवर तो आक्षेप उभा राहील. पण गुप्त शब्द फुटण्यावर न्याय अवलंबून ठेवणे मला पुरेसे वाटत नाही. शब्द सर्वांना कळला आणि नोंद कोणाचीच झाली नाही, तर निनावी रूटांची संख्या तेवढी वाढते. माझ्या वाट्याला त्या बाईंचे प्रकरण आले तेव्हा अधिकार थोड्यांच्या हाती होता हे दुःख होतेच. त्याहून मोठे दुःख हे की, तो कोणाच्या हाती होता हे त्या बाईंना कधीच कळले नाही.

आता मी माझ्या नावाने आत येतो. यंत्र रात्रभर चालू ठेवले तर पहाटे तीन वाजून एक मिनिटाने ते आपण होऊन दिवसाची तपासणी सुरू करते आणि तिचा अहवाल रूटला पत्राने पाठविते: डिस्क किती भरली, परवलीचा शब्द कोणी चुकविला, विशेष अधिकाराच्या कोणत्या फाइलीत बदल झाला. पाठविणाऱ्याचे नाव 'चार्ली रूट'. बर्कलेच्या काळापासून चालत आलेली ही एक थट्टा आहे. चहा घेताना मी तो अहवाल वाचतो. बहुतेक दिवशी त्यात विशेष काही नसते.

गेल्या आठवड्यात त्या बाईंना मी एक पत्र लिहिले. त्यांचा पत्ता जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला. त्या आता मुलाकडे असतात. परतीचा तो शेरा कोणाचा होता, हे त्यात लिहिले आहे. साधाच कागद घेतला आणि खाली पदनाम घातले नाही. चार वेळा वाचून पाहिले. पाकिटावर तिकीट लावले आहे. ते अजून टेबलावरच आहे.