फझचा एक स्वर

गिटार मांडीवर घ्या, पण तार अजून छेडू नका. पायाशी फझ पेडल असू द्या, फझ फेस या जुन्या पेडलच्या घराण्यातलं, स्वस्तातलं. अ‍ॅम्प सुरू आहे. त्याची बारीक घरघर ऐका. आता पेडल दाबा. घरघर वाढली ना? वाढू द्या. पेडल बिघडलेलं नाही, ते येईल ते सगळंच मोठं करतं.

सगळ्यात जाड तार एकदाच छेडा आणि हात बाजूला घ्या. बाकी काही करायचं नाही.

तारेची गोल लाट पेडलात शिरते आणि इतकी फुगवली जाते की नऊ व्होल्टच्या बॅटरीत मावत नाही. वरून आणि खालून तिचे माथे छाटले जातात. त्या छाटणीतून मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वर उसळतात. एका तारेत ऐकू येते ती गर्दी यांचीच. एकेक वेगळा करायचा प्रयत्न करा. जमलं नाही तरी हरकत नाही, कान तिकडे वळला तरी पुरे.

तार मंद होतेय, डोळ्यांना दिसतंय, पण आवाज उतरत नाही. लाट लहान झाली तरी तिचे माथे अजून छाटले जाताहेत, म्हणून. वाट पाहा. मग एकाएकी तो फाटतो, खरखरतो, संपतो. पुन्हा छेडा. घाई कसली?

तंबोऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. तिथे घोडीवरच्या सुतामुळे तार घासते आणि वरचे स्वर जागे होतात. सतारीलाही जवारी असते. 1965 साली लंडनच्या यार्डबर्ड्स बँडने ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता. ते जुळेना, तेव्हा त्यांचा गिटारवादक जेफ बेकने तीच ओळ फझ लावून गिटारवर वाजवली.

आता सा धरा आणि सोबत पंचम. दोघं एकजीव होतात. पंचमाऐवजी गंधार घ्या. गढूळ झालं. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मुळातच थोडा चढा असतो. एरवी कान ते चालवून घेतो, फझ चालवून घेत नाही.

गिटारचा व्हॉल्यूम थोडा, अगदी थोडा कमी करा. खरखर ओसरते आणि आत दडलेली स्वच्छ गिटार वर येते. या पेडलची सगळी गंमत मला इथे वाटते. पाय न हलवता करंगळीने आवाजाची जात बदलता येते. मात्र पेडल गिटारच्या लगेच पुढे हवं. मध्ये बफर असलेलं दुसरं पेडल आलं की ही जादू गेली.

किमतीचा विचार आत्ता करा, कान निवलेले असताना. हा आवाज मुळात महागाचा नाहीच; फझची सुरुवातच बिघाडातून झाली. नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचं बास फाटक्या आवाजात वाजलं. तो आवाज हवाहवासा वाटला, म्हणून ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने तो मुद्दाम काढणारं यंत्र जुळवलं. 1962 साली ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. 1966 च्या फझ फेसमध्ये तर मोजून अकरा भाग: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉबचे पॉट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यातले बरेचसे काही रुपयांत मिळतात. खर्च होतो तो पायाने दाबायच्या स्विचवर आणि डबीवर. त्यापुढचे पैसे नावाचे, आणि निवडून जुळवलेल्या ट्रान्झिस्टरांचे.

जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांचे गोडवे सगळेच गातात. आवाज मऊ असतो, खरं आहे. पण उकाड्यात जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती वाढते, त्याचा कामाचा व्होल्टेज, म्हणजे बायस, सरकतो आणि आवाज किरटा होतो. एसी दुकानात आवडलेलं पेडल मे महिन्यात घरी तसंच बोलेल, याची खात्री धरू नका.

आपल्याकडच्या हवेत पहिलं फझ सिलिकॉन ट्रान्झिस्टरचंच घ्या, तेही स्वस्तातलं. दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा, एक स्वर छेडून तो संपेपर्यंत थांबा आणि व्हॉल्यूम उतरवून आवाज साफ होतो का ते बघा. होत नसेल तर दुसरं दाखवायला सांगा.