वाचलेले क्लिक कोणाचे?

एका भोकासाठी किती क्लिक लागतात, हे मी एकदा मोजलं. भोक अगदी साधं होतं. एमएसच्या प्लेटमध्ये एम ८ चे आटे पाडायचे होते. त्यासाठी आधी स्पॉट ड्रिल, मग ६.८ चं ड्रिल, मग चॅम्फर आणि शेवटी टॅप. प्रत्येक ऑपरेशनला टूल निवडा, स्पीड टाका, फीड टाका, खोली, वरची पातळी, रिट्रॅक्ट, क्लिअरन्स, कूलंट, सायकल, ओके. चार ऑपरेशन्सचे मिळून बहात्तर क्लिक झाले. एका प्लेटवर अशी तीन-चार मापांची भोकं असतात आणि दिवसाला अशा पाच-सहा प्लेटा येतात. म्हणजे नुसत्या भोकांपायी दिवसाला हजारावर क्लिक, आणि त्यांतले जवळजवळ सगळे कालच्यासारखेच.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कॅम प्रोग्रामर आहे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्राहकाकडून पार्टचं थ्रीडी मॉडेल येतं, ते मी सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, कुठलं टूल कुठून कसं फिरेल ते ठरवतो. सॉफ्टवेअर त्याचा जी-कोड करतं आणि खाली मशीन तो कोड वाचून धातू कापतं. मी वर एसीच्या खोलीत, मशीन आणि ऑपरेटर खाली शेडमध्ये. मध्ये काचेचं दार. नागपूरच्या मे महिन्यात या दाराचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तर बहात्तर क्लिक मोजल्यावर मी जे कोणीही करेल तेच केलं. चारही ऑपरेशन्स एकदा नीट बसवून टेम्प्लेट म्हणून सेव्ह केली. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये याची काही ना काही सोय असते. फ्यूजनमध्ये टेम्प्लेट असतात, एनएक्समध्ये जर्नल रेकॉर्ड करता येतं. टूल लायब्ररीत स्पीड-फीड आधीच भरून ठेवले. आता भोकं निवडा, टेम्प्लेट लावा, झालं. बहात्तरचे सहा. मनगटाला आराम पडला, डोळ्यांनाही.

इथपर्यंत नैतिक प्रश्न कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. मलाही तो वर बसून दिसला नसता. तो खाली दिसला.

ड्रिलिंगच्या सायकलमध्ये एक छोटी निवड असते. भोक पाडून झाल्यावर टूल कुठवर वर यायचं? जी ९८ दिलं तर ते सुरुवातीच्या उंचीपर्यंत परत जातं, जी ९९ दिलं तर पृष्ठभागाच्या जरा वर थांबतं आणि पुढच्या भोकाकडे सरकतं. टेम्प्लेट बनवणारा सावध माणूस काय करेल? सरसकट जी ९८, उंची ५० मिलिमीटर. कुठलाही क्लॅम्प मध्ये आला तरी टूल आदळणार नाही, आणि दर वेळी विचारही करावा लागणार नाही. असे टेम्प्लेट मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहेत.

आता हिशेब करा. ५ मिलिमीटरवर भागत असताना ५० वर जायचं म्हणजे दर भोकाला ४५ वर आणि ४५ खाली, एकूण ९० मिलिमीटर फुकटची वारी. ४८ भोकं, चार टूल्स: सव्वासतरा मीटर. मशीनचं रॅपिड मिनिटाला २० मीटर धरलं तर प्लेटमागे पाऊण मिनिटाहून जास्त. सहाशे प्लेटांची ऑर्डर असेल तर साडेआठ तासांच्या वर. म्हणजे वर प्रोग्रामरचे चार क्लिक वाचले आणि खाली एक आख्खी शिफ्ट टूल हवेत फिरत राहिलं. क्लिक वाचला असं आपण म्हणतो. खरं तर काचेच्या दाराच्या एका बाजूचा वेळ दुसऱ्या बाजूला ढकललेला असतो.

आमच्याकडे मशीनवर जे काका आहेत, ते आयटीआय करून कामाला लागले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. असं हवेत फिरणारं टूल दिसलं की ते अस्वस्थ होतात. एकदा म्हणाले, "तू वर बसून काय करून राहिला ते आमाले काय दिसते? पण टूल असं रिकामं फिरून राहिलं ना, तं माहा जीव वरखाली होते." मग त्यांनी दाखवलं: डावीकडचा क्लॅम्प प्लेटच्या वर २० मिलिमीटर येतो, तिथल्या सहा भोकांना २५ ची उंची द्यायची, बाकीच्यांना ५ पुरते. हे मॉडेलमध्ये कुठेही नव्हतं. ग्राहक पार्टचं मॉडेल पाठवतो, आमच्या शेडमधल्या क्लॅम्पचं नाही.

तेव्हापासून मला क्लिक दोन जातींचे दिसतात. एक नुसते श्रम असतात: तेच टूल पुन्हा निवडणं, तोच आकडा पुन्हा टाकणं. दुसरा असतो निर्णय, पण वेश तोच, माउसच्या डाव्या बटणाचा. मोजताना दोन्ही सारखेच मोजले जातात, आणि कमी करण्याची झिंग चढली की दोन्ही सारखेच कापले जातात. त्यातला निर्णय नाहीसा होत नाही. तो एकदाच, भलत्या दिवशी, भलत्या प्लेटसाठी घेतला जातो आणि मग कोणी न घेताच चालत राहतो.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं, विशेषतः वयानं मोठ्या लोकांकडून: म्हणून सगळं हातानं करावं, त्याशिवाय माणूस शिकत नाही. हे मला पटत नाही. एम ८ ला ६.८ चंच ड्रिल का (आट्याचा पिच १.२५, आठातून वजा केला की पावणेसात, दुकानात मिळतं ६.८) हे कळायला एकदा कोणीतरी समजावून सांगावं लागतं आणि दहा-वीसदा स्वतः करावं लागतं. हजाराव्या वेळी ते काहीच शिकवत नाही. उलट हात आपोआप चालतो, डोकं संध्याकाळच्या तर्री-पोह्यांत असतं, आणि हातानं केलेलं कामही टेम्प्लेटइतकंच डोळे झाकून होतं. कंटाळा हा गुरू आहे असं मानणाऱ्यांनी तो किती दिवस शिकवतो हेही सांगावं. आणि मशीनवाल्यांनी तरी हे म्हणू नये. जी ८३ ही सायकलसुद्धा मुळात कोणीतरी वाचवलेलं टाइपिंगच आहे. ६० मिलिमीटर खोल भोक ५-५ च्या टप्प्यांनी पाडायचं तर बारा वेळा खाली-वर लिहायला हवं. ते एका ओळीत मावतं, आणि त्याबद्दल कोणालाही अपराधी वाटत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. तीन तासांचं काम पाऊण तासात झालं, तर उरलेले सव्वादोन तास कोणाचे? माझ्या वयाच्या प्रोग्रामर मित्रांमध्ये याचं उत्तर हळू आवाजात दिलं जातं: सांगायचंच नाही. मालकाला तीन तास माहीत आहेत, तीनच राहू देत. हे मित्र आळशी नाहीत. सांगितलं तर काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. उरलेल्या वेळात दुप्पट पार्ट येतात, पगार तोच राहतो.

या भीतीचा इतिहास आपल्याच शहरात सापडतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे त्या काळात नवी असलेली रिंग स्पिंडल लवकर आणली गेली. जुनं म्यूल यंत्र सूत ओढायचं, थांबायचं, मग गुंडाळायचं. रिंग न थांबता कातत राहायची. आमच्या भाषेत, मधले क्लिक गेले. सूत वाढलं. आता त्याच काळातली मुंबई पाहा. विजेचे दिवे येईपर्यंत गिरणी सूर्याच्या वेळेनं चालायची. दिवे आल्यावर अंधार हा अडथळा राहिला नाही, आणि १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतला दिवस पंधरा तासांवर गेला. दिव्यानं कामगाराचे डोळे वाचवले असतील, पण त्याची संध्याकाळ नेली.

यंत्रानं वाचवलेला वेळ आपणहून कोणाच्या घरी गेला नाही. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशननं सहा वर्षं मागितली, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये मिळाली. १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ ला आठवड्याचे साठ तास, १९३४ ला चौपन्न, आणि बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना जे प्रयत्न झाले, त्यांतून १९४६ ला अठ्ठेचाळीस. तो आकडा आजही तिथेच आहे. त्यानंतर सीएनसी आलं, कॅम आलं, आता एआय आलं म्हणतात. अठ्ठेचाळीस तसेच. एम्प्रेस मिल मात्र २००२ मध्ये बंद झाली, तिच्या जागेवर मॉल उभा आहे, आणि आम्ही रविवारी तिथेच फिरायला जातो.

म्हणून वेळ लपवणाऱ्या मित्रांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही. पण लपवण्यात एक अडचण आहे. लपवलेला वेळ एकट्याचाच राहतो. खाली मशीनवर उभ्या माणसाला तो देता येत नाही, शेजारच्या टेबलावर नव्यानं लागलेल्या डिप्लोमावाल्या मुलीला देता येत नाही, कारण द्यायचा तर आधी तो आहे हे कबूल करावं लागतं. आणि माझ्या टेम्प्लेटमधला २५ चा आकडा तर काकांचा होता. त्यातून वाचलेल्या तासांवर मी एकटा कसा बसू?

मालकांनी जेव्हा सांगितलं, "ती फाइल सर्व्हरवर टाकून दे, सगळ्यांना वापरता येईल," तेव्हा पोटात गोळा आला, ते खोटं कशाला बोलू. फाइल दिली की मी दिला. हा गोळा जुना आहे. अमेरिकेत १९४६-४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये रेकॉर्ड-प्लेबॅक नावाची पद्धत तयार झाली होती. कसबी कारागीर पहिला पार्ट हातानं करायचा, त्याच्या हालचाली टेपवर उतरायच्या, पुढचे पार्ट टेप करायची. १९५२ मध्ये एमआयटीनं न्यूमरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन दाखवलं. त्यात कारागिराच्या हाताची गरजच नव्हती, आकडे ऑफिसातून यायचे. डेव्हिड नोबल या इतिहासकारानं 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या १९८४ च्या पुस्तकात मांडलं आहे की दुसरी पद्धत जिंकण्यामागे तंत्राइतकंच एक कारण हेही होतं, की तिनं कामाचा ताबा शेडमधून उचलून ऑफिसात नेला. आमचं काचेचं दार असं फार लांबून आलेलं आहे.

त्याच १९५२ साली कर्ट व्हॉनेगटची 'प्लेअर पियानो' ही कादंबरी आली. व्हॉनेगट स्वतः जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करून गेलेला. कादंबरीत एका लेथ कारागिराच्या हालचाली टेपवर घेतात, कारण तो सगळ्यांत चांगला असतो. त्याला याचा अभिमान वाटतो. मग ती टेप त्याच्यासारख्या अनेकांची कामं करते. मला त्यात सगळ्यांत जास्त बोचतो तो त्याचा अभिमान, कारण मालक "सगळ्यांना वापरता येईल" म्हणाले तेव्हा गोळ्याबरोबर थोडा तोही आला होता.

मग फाइल द्यावी की नाही? यावर मला सगळ्यांत उपयोगी पडली ती नागपूरपासून दीड तासावरच्या वर्ध्याशी नातं असलेली एक गोष्ट. गांधीजी यंत्राचे सरसकट शत्रू होते, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण १९२४ मध्ये एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद ठरवलं होतं. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून ते बनवलं, असा त्यांचा समज होता. इतिहासात तो कितपत टिकतो हे बाजूला ठेवू. निकष स्पष्ट आहे: कोणाचे कष्ट वाचवायला? आणि १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी मी इंजिनिअरच्या नजरेनं वाचल्या आणि थक्क झालो. आठ तासांत सोळा हजार फूट सूत, ही उत्पादनाची अट. किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकायला हवा, देखभाल स्वस्त. आणि त्याच यादीत: खेड्यातल्या साध्या झोपडीत चालावा, बाईला फार श्रम न पडता आठ तास सलग चालवता यावा. चालवणारी बाई स्पेसिफिकेशनच्या आत होती. वेग हवाच होता, पण तिच्यासकट.

माझ्या टेम्प्लेटच्या स्पेसिफिकेशनमध्ये कोण होतं? मी, आणि फक्त माझं मनगट.

म्हणून सर्व्हरवर टाकण्याआधी मी तो बदलला. सहाचे आठ क्लिक केले. वाढवलेले दोन मुद्दाम कोरे ठेवलेत, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही: या जॉबला सगळ्यांत उंच क्लॅम्प किती आणि कुठल्या बाजूला, आणि मटेरियल खरंच ड्रॉइंगमधलंच आलंय का. दोन्हींची उत्तरं वरच्या खोलीत मिळत नाहीत, दार उघडून खाली जावं लागतं. डिप्लोमावाल्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, हे दोन ऑटोमॅटिक नाही का करता येत?" करता येतं. क्लॅम्पची लायब्ररी बनवली की झालं. मी तिला खाली पाठवलं. अर्ध्या तासानं ती दोन आकडे आणि काकांनी सांगितलेली आणखी तीन कामं घेऊन आली.

मालकांना वेळ किती वाचतो तेही सांगितलं. त्यांनी अपेक्षेप्रमाणे बुटीबोरीच्या एका ग्राहकाचं बाहेर जाणारं काम आत घ्यायचं ठरवलं. ते वाईट नाहीत, हप्ते त्यांनाही आहेत. मी एवढंच मागितलं की प्रोग्रामरनं रोज एक तास मशीनपाशी घालवलेला कामात धरावा, आणि सेटिंग सांगणाऱ्या ऑपरेटरला वाढीव कामाचा इन्सेंटिव्ह आमच्याइतकाच मिळावा. पहिल्याला ते हो म्हणाले. दुसऱ्यावर "मार्चनंतर बघू" म्हणाले. मार्चनंतर पुन्हा विचारायचं आहे, आणि या वेळी एकट्यानं नाही.

तोवर काका नव्या जॉबच्या क्लॅम्पच्या उंची खडूनं मशीनच्या दारावर लिहून ठेवतात. डावीकडे २२, मागे १८. वर जाण्याआधी आम्ही त्याचा फोटो काढतो.