आडनाव कोणाच्या हाती?

वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट विद्यापीठाचे नाव तिथले बधिर विद्यार्थी हाताने घेतात. अंगठा आणि तर्जनी डोळ्याच्या कडेशी उघडी धरायची आणि कानाकडे नेत मिटायची. ही चष्म्याच्या काडीची खूण. बधिरांचे शिक्षक थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट चष्मा लावत, म्हणून बधिरांनी त्यांना ही खूण दिली आणि पुढे ती विद्यापीठालाही चिकटली. त्यांचे सहकारी, फ्रेंच बधिर शिक्षक लॉराँ क्लेर, यांच्या गालावर लहानपणी भाजल्याचा व्रण होता. त्यांची खूण म्हणजे गालावरून फिरणारी दोन बोटे. आपल्याकडची टकले, बोबडे ही आडनावेही अशीच चारचौघांच्या नजरेतून आली असणार. असे नाव वाडवडिलांकडून मिळत नाही, सोबतची माणसे ठेवतात.

कागदावरचे आडनाव मात्र घराण्याचे असते आणि घराणे त्याचे काय करते, यावर बरेच ठरते. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये शेजारच्या ॲलिस कॉग्जवेल या बधिर मुलीमुळे थॉमस बधिरांच्या शिक्षणाकडे वळले आणि 1815 मध्ये शिक्षणपद्धती शिकायला ब्रिटनला गेले. तिथे बधिरांचे शिक्षण ब्रेडवुड या घराण्याच्या मुठीत होते. शिकवण्याची रीत हे त्यांचे व्यापारी गुपित. ते त्यांनी खुलेपणाने द्यायचे नाकारले. पॅरिसच्या शाळेने मात्र दार उघडले. तिथूनच क्लेर यांना सोबत घेऊन थॉमस 1816 मध्ये परतले आणि 1817 मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली. आज ब्रेडवुड हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले आहे. विद्या वाटली ते नाव टिकले, कुलूपबंद ठेवली ते विरले.

पण गॅलॉडेट या नावाची गोष्ट एका परोपकारी पुरुषाची म्हणून सांगितली, तर ती अर्धीच राहते. सोफिया फाउलर ही हार्टफर्डच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. ती जन्मापासून बधिर होती. तिने थॉमस यांच्याशी लग्न केले आणि गॅलॉडेट हे आडनाव एका बधिर बाईचेही झाले. तिचा मुलगा एडवर्ड 1857 मध्ये वॉशिंग्टनच्या बधिरांच्या शाळेचा, म्हणजे पुढच्या गॅलॉडेट विद्यापीठाचा, प्रमुख झाला, तेव्हा मेट्रन म्हणून तीही तिथे राहिली. 1864 मध्ये लिंकन यांच्या सहीने या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. 1880 मध्ये मिलानला भरलेल्या बधिर-शिक्षण परिषदेने खूणभाषेला बाजूला सारून तोंडी बोलण्यावर भर देण्याचा ठराव केला, तेव्हा विरोध करणाऱ्या मोजक्या प्रतिनिधींत एडवर्ड होते. 1894 मध्ये वॉशिंग्टनच्या या महाविद्यालयाला थॉमस यांचे नाव दिले गेले. आवारात डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला थॉमस आणि ॲलिस यांचा पुतळा आहे. त्यात दोघांच्याही हाताची खूण एकच आहे, ‘ए’ या अक्षराची.

एवढा मान असूनही एक गोष्ट सलत राहिली. पदव्यांचा अधिकार मिळाल्यापासून सव्वाशे वर्षे होत आली तरी अध्यक्षाच्या खुर्चीवर एकही बधिर व्यक्ती बसली नव्हती. मार्च 1988 मध्ये विश्वस्तांनी पुन्हा ऐकू येणाऱ्या उमेदवाराची निवड केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी फाटके अडवली, वर्ग बंद पाडले. आठवडाभरात नव्या अध्यक्षांनी पद सोडले आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले. विश्वस्त मंडळात बधिरांचे बहुमत असावे, ही मागणीही मान्य झाली. पाटीवरचे नाव तेच राहिले. ते बदला, अशी विद्यार्थ्यांची मागणीही नव्हती. त्यांना त्या नावाखालचा कारभार आपल्या हाती हवा होता.

 

महाराष्ट्रातही कर्णबधिरांच्या कितीतरी शाळांवर देणगीदारांची नावे आहेत. त्या नावांबद्दल तक्रार करायचे कारण नाही. पैसा आणि आस्था कुणीतरी द्यावीच लागते. पण संस्थेवर कोणाचे आडनाव आहे, एवढे पाहून थांबू नये. तिच्या कार्यकारिणीत, शिक्षकवर्गात आणि मुख्याध्यापकाच्या खोलीत बधिर माणसे किती आहेत, हेही विचारावे. उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर पाटीवरचे नाव कितीही थोर असो, शाळा अजून बधिरांची झालेली नाही.