नाक्यावरचा कॅमेरा

कळवा नाक्यावर किंवा विटाव्याच्या रेल्वेपुलापाशी हवालदार दुचाकी बाजूला घ्यायला लावतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि थोड्या वेळाने मोबाईलवर ई-चलान येते. त्या फोटोसाठी त्याने कुणाला विचारलेले नसते. स्वाराने मात्र तोच प्रसंग टिपायला हात वर केला की दरडावणी होते : शूटिंग बंद कर, नाहीतर शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा टाकीन. प्रसंग एक, रस्ता एक. पोलिसाने टिपला तर पुरावा आणि नागरिकाने टिपला तर गुन्हा, हे मला मुळीच पटत नाही.

कायदाही तसे म्हणत नाही. वर्ध्यात मार्च २०१८ मध्ये शेजाऱ्याशी झालेल्या वादावरून एक जोडपे पोलिस ठाण्यात गेले होते. तिथली बोलणी नवऱ्याने मोबाईलवर टिपली म्हणून त्याच्यावर चक्क १९२३ च्या शासकीय गोपनीयता कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला हा कायदा! जुलै २०२२ मध्ये न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मिनेझिस यांच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. या कायद्यातली ‘प्रतिबंधित स्थळा’ची व्याख्या नेमकी आहे आणि पोलिस ठाणे तिच्यात बसत नाही, असे खंडपीठाने स्पष्ट केले. पुढे २०२४ मध्ये पाथर्डीच्या पोलिस ठाण्यातले संभाषण ध्वनिमुद्रित केल्याच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही हा गोपनीयता कायदा लागू होत नाही असे सांगितले. दोन्ही खंडपीठे मुंबई उच्च न्यायालयाचीच, म्हणजे कळव्यालाही तोच कायदा. पोलिस ठाण्याच्या चार भिंतींत जे या कायद्याने गुन्हा ठरत नाही, ते भर नाक्यावर, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत गुन्हा कसे ठरेल?

उरते ते अडथळ्याचे कलम, आणि खरी भीती त्याचीच. जुन्या दंड संहितेतले ३५३, आता भारतीय न्याय संहितेतले १३२. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. कलम २२१ सौम्य आहे, पण तिथेही कामात खरोखर अडथळा यावा लागतो. चार पावले मागे उभे राहून, लायसन दाखवून, शांतपणे केलेले चित्रण यांपैकी कशात बसते? तरीही रिक्षावाला मोबाईल खिशात घालतो, कारण त्याला निकालाची नव्हे, तोवरच्या हेलपाट्यांची धास्ती असते. वर्ध्याच्या माणसालाही गुन्हा रद्द व्हायला चार वर्षे लागली.

पोलिसांची बाजू मी हलकी लेखत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे यांना दोघांनी मारहाण केली आणि त्यात त्यांचा जीव गेला. भर उन्हात, धुरात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर फोन नाचवणे, अर्धे चित्रण कापून त्याची बदनामी करणे हा हक्क नव्हे. दुचाकीवर मागे बसलेल्या बाईचा चेहरा जगभर फिरवायचाही कुणाला अधिकार नाही. पण अखंड, न कापलेले चित्रण प्रामाणिक हवालदाराच्याही कामी येते. म्हणून तर १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रण करणे कायद्यानेच पोलिसांवर बंधनकारक केले आहे.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवलेला होता, तेव्हा डार्नेला फ्रेझर या सतरा वर्षांच्या मुलीने फोन खाली केला नाही. पोलिसांचे पहिले निवेदन तो ‘वैद्यकीय तक्रारी’ने गेल्याचे सांगत होते. तिचे चित्रण नसते तर कदाचित तेच खरे ठरले असते.

वाहतूक पोलिसांनी चलानासाठी खासगी मोबाईलवर फोटो काढू नयेत, असे राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयाने २०२५ मध्ये परिपत्रकाने बजावले. म्हणजे पोलिसांच्या कॅमेऱ्याला शिस्त लावता येते. मग नागरिकाच्या कॅमेऱ्याबद्दलही ठाणे पोलिस आयुक्तालयाने तसेच स्पष्ट लिहावे आणि तो कागद कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत प्रत्येक चौकीवर मराठीत लावावा : अंतर राखून केलेले चित्रण थांबवू नये, फोन घ्यायचाच तर कायदेशीर कारण सांगून आणि पंचनामा करून घ्यावा, आणि चित्रण पुसायला कुणालाही भाग पाडू नये, कारण पुरावा नष्ट करणे हा पोलिसाने केला तरी गुन्हाच आहे.