शेळीचा काय दोष?

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात, ज्वालामुखींतून वर आलेली गॅलापागोस बेटे आहेत. आज ती इक्वेडोर देशात मोडतात. १५३५ साली पनामाचे बिशप तोमास द बेर्लांगा पेरूला निघाले असता वारा पडला आणि प्रवाहाने त्यांचे जहाज तिकडे ओढून नेले. पाणी संपले होते. माणसांनी निवडुंग पिळून तहान भागवली. बिशपमहोदयांनी तेथे मिस्सा अर्पण केली. राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी माणसाला पाठीवर वाहून नेतील एवढ्या मोठ्या कासवांची नोंद केली आहे.

या कासवांचा दिवस संथ असतो. सकाळी ती उन्हात अंग शेकतात, मग गवत चरतात, दुपारी डबक्यातल्या चिखलात लोळतात. लहानसा फिंच पक्षी समोर आला की कासव मान उंच करून उभे राहते आणि पक्षी त्याच्या अंगावरच्या गोचिड्या टिपतो. अल्सेदो ज्वालामुखीच्या माथ्यावर झाडे धुके अडवतात, त्यांचे थेंब खाली पडतात आणि डबकी भरतात. पाऊस नसताना कासवांना त्यांचाच आधार.

पुढे समुद्री चाचे आणि देवमासे मारणारे खलाशी आले. कासव अन्नपाण्याशिवाय महिनोन्महिने जगते, म्हणून ताज्या मांसाचा साठा म्हणून हजारो कासवे जहाजांत भरली गेली. माणसांनी बेटांवर शेळ्याही सोडल्या. पिंटा बेटावर १९५९ साली तीनच शेळ्या सोडल्या होत्या. काही वर्षांत त्या हजारोंच्या घरात गेल्या. पिंटाचे शेवटचे कासव, 'एकटा जॉर्ज', २०१२ साली मरण पावले आणि त्याची जात संपली. अल्सेदोवर शेळ्यांनी झाडोरा फस्त केला, तेव्हा डबकीही आटू लागली.

अखेर १९९७ ते २००६ या काळात एक मोहीम झाली. हेलिकॉप्टरमधूनही गोळ्या घालून एक लाखाहून अधिक शेळ्या मारण्यात आल्या. लपलेल्या शेळ्या सापडाव्यात म्हणून काहींच्या गळ्यात रेडिओ यंत्र बांधून त्यांना सोडले. शेळी कळपाशिवाय राहत नाही. ती सोबती शोधी आणि मागून बंदूकधारी येत. तिला नाव दिले 'यहूदा शेळी'.

हे योग्य होते का? आपल्यापैकी काही म्हणतील, निसर्गावर सोडायला हवे होते. परंतु शेळ्या निसर्गाने आणल्या नव्हत्या. हात बांधून बसणे म्हणजे कासवांना मरू देण्याचाच निर्णय. दुसरे म्हणतील, कासव दुर्मीळ, शेळ्या जगभर आहेत. हेही खरे; परंतु मरणाऱ्या शेळीला तिचा जीव एकच असतो. तिचा दोष काय? तिला भूक लागली आणि तिने पाला खाल्ला.

आम्हांला वाटते, ती मोहीम करणे भाग होते. पण भाग पडलेली गोष्ट निर्दोष होते असे नाही. म्हणूनच ते नाव खटकते. यहूदाला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते, शेळीला नव्हते. तिच्या माथी विश्वासघात मारून माणसाने आपला वाटा झाकला. निस्तरणे हे कर्तव्य आहेच, पण ते जड मनाने आणि दोष आपल्याकडे ठेवून करायचे असते.

एस्पान्योला बेटावर केवळ १४ कासवे उरली होती. बाहेरून आणलेल्या एका नराच्या साथीने त्यांची वीण वाढवून जवळपास दोन हजार पिल्ले परत सोडली गेली, आणि २०२० साली ती १५ वडीलधारी कासवेही घरी परतली. म्हणजे निस्तरता येते; परंतु पिंटासाठी उशीर झाला होता.

तीन शेळ्या सोडणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. सोयीचे होते, एवढेच. आपल्या सोयीची किंमत पुढे कोणाला मोजावी लागेल, हा प्रश्न आपणही आज स्वतःला विचारू या.