चंद्री परत द्यायची का?

नदीतली चोरटी वाळू वाहताना पकडलेली गाढवं आत्याच्या आसऱ्याला आली होती. त्यांतली चंद्री बरी झाली, तसा तिचा मालक फाटकाशी येऊन बसू लागला.

"देऊन टाक," भाचा म्हणाला. "वाळू विकणारा मोकळाच आहे. सापडलं ते गाढव, आणि पोटावर पाय आला तो याच्या."

"पाठीला हात लावला की तिची कातडी अजून थरथरते. तिथंच पुन्हा गोणी टाकू?"

"मग कामच नको म्हण. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ मध्ये १.२ लाख उरली. काम गेलं की जनावर कोण पाळतो?"

"मी पाळते की! पण तेही सोपं नाही रे. नीट सांभाळलं तर गाढव तीस वर्षं जगतं. साठीच्या बाईनं असल्या जिवाला कुठवरचा शब्द द्यायचा? शिवाय लाड करायचीही सोय नाही. हौसेनं लसूणघास घातला तर चरबी चढते, खुरांच्या आत सूज येते. कोरड्या मुलखातला जीव, त्याला काडच मानवतं. दर दोन महिन्यांनी खुरं कापा. दुखलं तर सांगतही नाही. खाणं सोडलं की कळतं, तोवर उशीर झालेला."

"काम नाही, लाड नाहीत. मग तिला मिळतं काय?"

"सकाळी येऊन बघ. मोकळी सोडली की धुळीत लोळतात, चारी पाय वर! मग चंद्री आणि ती कानतुटी एकमेकींची मान खाजवत उभ्या. मी चहा घेऊन बघत बसते. स्वार्थच म्हण माझा."

"कानतुटीही त्याचीच?"

"नाही ना! तिथंच घोडं अडलंय. जोडी तुटली की मागे राहिलेली खाणं टाकते. मग अंगातली चरबी रक्तात उतरते आणि जनावर दगावतं."

"म्हणजे एका गाढवासाठी दुसरं अडवायचं, आणि त्यासाठी माणूस उपाशी?"

आत्या जरा गप्प झाली. प्रश्न तिलाही चुकवता आला नव्हता.

"त्याला म्हटलं, इथंच कामाला राहा. खुरं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतात. तर म्हणाला, माझंच जनावर मी पगारावर सांभाळू?"

"बरोबरच बोलला."

"बोलला बरोबरच. मग पगार किती, तेही विचारलं."