पाचशे रुपयांचा हिशेब



आज मी तुम्हाला माझ्याच एका चुकीविषयी सांगणार आहे. मागच्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एक विधवा माउली माझ्याकडे आली. निराधार योजनेच्या अर्जासाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता. चार चकरा मारून झाल्या होत्या. ती म्हणाली, “फादर, पाचशे रुपये द्या नं. धान निघाले की परत करीन.” पैसे कशासाठी हवेत, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला ते ठाऊक होते. मी पैसे दिले. दोन दिवसांत दाखला हाती आला. एका गरिबाचे काम झाले, या समाधानात मी झोपलो.

महिन्याभराने तिची शेजारीण त्याच दाखल्यासाठी त्याच टेबलापाशी गेली. तिला सातशे मागितले. पाचशे सहज निघतात, हे समोरच्याला कळले होते ना! तेव्हा माझे डोळे उघडले. एका विधवेची अडचण मी दूर केली खरी. पण ती दुसऱ्या विधवेच्या दारात नेऊन ठेवली, तीही वर दोनशे रुपये चढवून.

भ्रष्टाचार म्हटला की आपल्याला मुंबई-दिल्लीचे कोट्यवधींचे घोटाळे आठवतात. चहाच्या टपरीवर आपण पुढाऱ्यांना नावे ठेवतो आणि घरी परततो. पण आपण स्वतः जे देतो त्याला आपण भ्रष्टाचार म्हणत नाही. त्याला आपण ‘चहापाणी’ म्हणतो, ‘खुशी’ म्हणतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून मी शिकलो होतो की, कायदा हा सर्वांच्या हितासाठी असतो. दाखल्यावरची सही ही कोणा एकाची मालमत्ता नाही, ती सर्वांची आहे. मी ती विकत घेतली, म्हणजे सर्वांची वस्तू विकाऊ आहे हे मी मान्य केले. परीक्षेत मी पास झालो होतो, पण पाचशे रुपयांपुढे नापास झालो!

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. संत पौल कैसरियात कैदेत होता. सुभेदार फेलिक्स त्याला वरचेवर बोलावून घेई आणि त्याच्याशी बोलत बसे. पौल न्याय, संयम आणि येणारा निवाडा यांविषयी बोलला तेव्हा फेलिक्स घाबरलाही. तरीही त्याच्या मनात आशा होती की पौल आपल्याला पैसे देईल. पौलाच्या मित्रांना भेटायला येण्याची मोकळीक होती. त्यांनी वर्गणी काढली असती तर रक्कम जमली असती. शिवाय, ‘सुवार्तेचे एवढे मोठे काम अडले आहे, थोडे दिले तर काय बिघडले?’ असेही म्हणता आले असते. पौलाने पैसे दिले नाहीत. दोन वर्षे गेली, फेलिक्सच्या जागी फेस्त आला, आणि पौल कैदेतच राहिला.

बंधू-भगिनींनो, लाच नाकारण्याची किंमत असते, आणि ती किंमत म्हणजे वाट पाहणे. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, ही वाट एकट्या विधवेने पाहायची की आपण सर्वांनी तिच्यासोबत?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड बांधवांचे लहानसे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या सहमतीने होतात. वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे असे लिहिलेले असूनही तो विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. गाव एकत्र राहिले आणि मागत राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. जिथे सारे गाव मिळून उघडपणे विचारते, तिथे टेबलाखालून बोलणे कठीण होते.

आपल्या हातातही साधने आहेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. तसे न झाल्यास अपील करता येते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने आपला अर्ज कोठे अडला हे विचारता येते. आपल्या पेसा गावांत तर ग्रामपंचायतीने निधी योग्य रीतीने खर्च केल्याचे प्रमाणपत्र ग्रामसभेनेच द्यायचे असते. पण ग्रामसभेच्या दिवशी आपण कुठे असतो? आणि हेही लक्षात ठेवा: २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा दोषी धरत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

आपल्यापैकी काही जण टेबलाच्या पलीकडे बसतात. त्यांना मी दोष द्यायला उभा नाही. जकातदार योहान बाप्तिस्ताकडे आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. जक्कयाने तर ज्यांना फसवले होते त्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवली. प्रभू येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तो त्याला लाजवण्यासाठी नव्हे, तर त्याचे तारण करण्यासाठी.

त्या शेजारणीचा अर्ज अजून पडून आहे. उद्या सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे. आम्ही पैसे देणार नाही. अर्जाची पोच मागू, तारीख लिहून घेऊ आणि गरज पडल्यास अपील करू. आजच्या मिस्सेनंतर ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी आपली नावे द्यावीत. यापुढे कोणाचेही काम अडले तर त्याच्याबरोबर दोघे-तिघे जातील. आणि इतरांना हिशेब विचारताना आपला हिशेब झाकून ठेवणे शोभत नाही, म्हणून चर्चचा जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावला जाईल.

हे न्यायी प्रभो, आमच्या सोयीसाठी आम्ही दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेल्या ओझ्यांची आम्हाला क्षमा कर. पौलासारखा धीर आणि जक्कयासारखे मोकळे मन आम्हाला दे. आमेन.

– आपला धर्मगुरू